पहिल्या वर्षी प्रवेश घेऊ नका: शिकवता शिकवता पुढचं शिक्षण कसं करायचं

शाळेत रुजू होऊन दोन-तीन महिने झाले की नवे शिक्षक स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची ओढतात आणि विचारतात, "मॅडम, मास्टर्सला आत्ताच नाव घालू का? नंतर राहून जाईल." मी सांगते, नको. राहून जात नाही. उलट आत्ता घातलंत तर अर्ध्यात सुटण्याची शक्यता जास्त.

मी घातलं होतं, म्हणून सांगते. दिवसा सहा तास, संध्याकाळी व्याख्यानं आणि रात्री सहावीच्या वह्यांचा गठ्ठा. पहिल्या सत्रात 'विद्यार्थिकेंद्री अध्यापन' या विषयावर तीन हजार शब्दांचा निबंध लिहायचा होता. तो ज्या रात्री लिहिला त्या दिवशी मी वर्गात चाळीस मिनिटं एकटीच बोलले होते, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे मला सुचलंसुद्धा नाही. दुसऱ्या सत्रात दोन पेपर राहिले, फी गेली, मी नाव काढून घेतलं. पैशांपेक्षा वाईट याचं वाटलं की वर्षभर जे वाचलं त्यातलं काहीच आत उतरलं नव्हतं. उतरणार कुठे? वर्गाबद्दल विचारावा असा एकही प्रश्न माझ्याजवळ नव्हता. तिसऱ्या वर्षी पुन्हा नाव घातलं तेव्हा हातात एक नोंदवही होती. तेवढाच फरक, पण तो पुरला.

म्हणून सुरुवात प्रवेश अर्जापासून नको, वहीपासून करा.

शंभर पानी साधी वही घ्या. रोज शाळा सुटल्यावर, घरी जायच्या आधी, त्याच खुर्चीत बसून तीन ओळी लिहा. एक: आज कोणतं चुकीचं उत्तर आलं, मुलाच्याच शब्दांत. दोन: मी कुठे अडले. तीन: उद्या काय वेगळं करणार, आणि काहीच सुचत नसेल तर 'माहीत नाही'. तारीख आणि इयत्ता लिहायला विसरू नका. तीनाच्या पुढे जाऊ नका, नाहीतर चौथ्या दिवशी बंद पडेल. 'आज वर्ग छान झाला' असलं काही लिहू नका, सहा महिन्यांनी वाचताना त्याचा काडीचा उपयोग होत नाही. 'मागच्या बाकावरच्याने ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठं म्हटलं, कारण विचारलं तर म्हणाला पस्तीस पाचापेक्षा मोठे' असं लिहा. हे माझ्या वहीतलं खरं वाक्य आहे. पुढे माझा लघुप्रबंध याच वाक्यातून निघाला, तेव्हा मात्र मी ते वैतागून लिहिलं होतं.

दर दोन महिन्यांनी वही पहिल्या पानापासून वाचा आणि जे दोनदा-तीनदा आलंय त्याखाली रेघ मारा. एकदा आलेली चूक त्या दिवसाची असते. पाचदा आलेली चूक तुमच्या शिकवण्याची असते, किंवा त्या विषयाच्या पोटातच असते. अशी रेघ मारलेली दोन-तीन वाक्यं जमली की मास्टर्सचा विचार करायला हरकत नाही.

स्वतःचा तास ऐकणं

हे पहिल्याच वर्षी करा. कोणत्याही कोर्सची वाट पाहू नका.

मुख्याध्यापकांना विचारून घ्या. मुलांनाही सांगा की मी माझं बोलणं तपासायला रेकॉर्ड करतेय, तुमचं नाही. व्हिडिओच्या फंदात पडू नका. कॅमेरा दिसला की मुलं वेगळी वागतात आणि पाहताना आपण आपले केस बघत बसतो. फोन टेबलावर उपडा ठेवा, नुसता आवाज घ्या. रेकॉर्डिंग कोणाला पाठवू नका, मोजून झालं की पुसून टाका.

रात्री कागद घ्या, तीन रकाने आखा: मी, मुलं, शांतता. रेकॉर्डिंगची फक्त दहा मिनिटं ऐका आणि दर तीन सेकंदांनी त्या क्षणी जे चाललं असेल त्या रकान्यात एक काडी मारा. दहा मिनिटांत दोनशे काड्या होतात. ही माझी युक्ती नाही. नेड फ्लँडर्स या अमेरिकी संशोधकाने वर्गातल्या बोलण्याचं निरीक्षण करायला जी पद्धत बसवली तिचं हे घरगुती रूप. त्याच्या मूळ पद्धतीत दहा प्रकार आहेत: सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन मुलांच्या बोलण्याचे आणि एक शांतता किंवा गोंधळाचा. त्याला साधारण असं आढळलं होतं की वर्गाचा दोन-तृतीयांश वेळ बोलण्यात जातो, आणि त्या बोलण्यातलं दोन-तृतीयांश शिक्षकाचं असतं. शिक्षणशास्त्राच्या पदवीला हा दोन-तृतीयांशाचा नियम मी पाठ करून मार्क मिळवले होते. माझ्या स्वतःच्या काड्या मोजल्या तेव्हा दोनशेपैकी एकशे एक्कावन्न माझ्या निघाल्या. मुलांच्या एकतीस. त्यातल्याही निम्म्या 'हो मॅडम'च्या.

दुसऱ्यांदा ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते? मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या आणि त्यांना दिसलं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, न बोलणारी मुलं बोलायला लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. त्यांनी आणखी एक थांबा सांगितला आहे, तो बहुतेकांच्या लक्षात राहत नाही: मुलाने उत्तर दिल्यानंतरचा. तिथे आपण लगेच 'बरोबर!' किंवा 'कोणी सांगेल?' म्हणून त्याचं तोंड बंद करतो. दोन क्षण गप्प राहिलं तर तेच मूल स्वतःचं उत्तर पुढे नेतं किंवा दुरुस्त करतं.

तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. वर्गासमोर उभं राहून गप्प बसायला लागलं की ते संपत नाहीत. मी हात पाठीमागे बांधून अंगठ्याने बोटांची पेरं मोजायचे, एका बोटाची तीन पेरं म्हणजे तीन सेकंद. पहिले आठ-दहा दिवस मुलं गोंधळली, त्यांना वाटलं मॅडम विसरल्या. नंतर सवय झाली, त्यांना आणि मलाही.

दुसऱ्याचा तास बघणं

आपण सगळे शिक्षक होण्याआधी हजारो तास वर्गात बसलेलो असतो, त्यामुळे आपल्याला वाटतं की शिकवणं कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली नेमकं यावर बोट ठेवलं: विद्यार्थ्याला शिक्षक बाकावरून दिसतो. त्याने असंच का केलं, ऐनवेळी काय गाळलं, कोणाला मुद्दाम विचारलं नाही, हे दिसत नाही. म्हणून सहकाऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलात तर जुनंच दिसेल. मुलांच्या बाजूला बसा, शक्य तर पुढे एका कोपऱ्यात, चेहरे दिसतील असं.

जायच्या आधी एकच गोष्ट ठरवा. 'पाटील सरांचा तास बघायचा' ही गोष्ट नव्हे. 'चुकीचं उत्तर आल्यावर सर काय करतात' ही गोष्ट. वहीच्या डाव्या पानावर फक्त घडलेलं लिहा, उजवं पान कोरं ठेवा. 'मुलं कंटाळली' हे घडलेलं नव्हे, तो तुमचा निष्कर्ष. 'तिघांनी पेन्सिलीला टोक केलं, एकीने खिडकीकडे पाहिलं' हे घडलेलं. निष्कर्ष उजव्या पानावर, तोही सरांशी बोलून झाल्यावर. आणि तास संपल्यावर 'छान होता हं' म्हणून निघून जाऊ नका. "तुम्ही त्या मुलीला दुसऱ्यांदा का विचारलंत?" असं काही विचारा. ज्यांच्याकडे चांगलं शिकवायचं कसब असतं त्यांना ते क्वचितच कोणी विचारलेलं असतं. एकदा विचारलं की मधली सुट्टी पुरत नाही.

जपानमध्ये याचीच शिस्त झाली आहे. तिथे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण शिकवतो, बाकीचे मुलांवर नजर ठेवून टिपणं घेतात, मग एकत्र बसून पाठ दुरुस्त करतात. चर्चा पाठाची होते, शिकवणाऱ्याची नाही, कारण पाठ सगळ्यांचा असतो. तुमच्या शाळेत दोघं तयार झाले तरी करून बघा. वर्षातून दोन पाठ पुरेत. मी तीनवर नेलं त्या वर्षी तिसरा पाठ होता होता राहिला आणि आमचं बोलणंही थोडं बिनसलं.

कार्यशाळांबद्दल थोडं

कार्यशाळा चुकवता येत नाहीत, तेव्हा निदान त्यातून काही उचलता यावं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८० साली शिक्षक-प्रशिक्षणावरचं संशोधन एकत्र तपासून प्रशिक्षणाचे पाच घटक वेगळे काढले: सिद्धांत, प्रात्यक्षिक, सराव, त्यावर प्रतिसाद, आणि नंतर प्रत्यक्ष वर्गात मिळणारी सोबत. आपल्या वाट्याला सहसा पहिला घटक येतो, कधीकधी दुसरा. पाचवा आपणच जोडायचा. शाळेतून दोघांनी एकाच कार्यशाळेला जा, तिथली एकच गोष्ट निवडा आणि पुढच्या दोन आठवड्यांत एकमेकांच्या वर्गात ती करताना बघा. एकट्याने गेलात तर प्रमाणपत्र फाइलला लागतं आणि विषय संपतो.

ऐकलेलं सगळं खरं मानायचंही नाही. एका कार्यशाळेत आम्हाला दिवसभर शिकवलं की मुलं 'पाहून शिकणारी', 'ऐकून शिकणारी' आणि 'हाताळून शिकणारी' असतात, त्यांची विभागणी करून वेगवेगळं शिकवा. मी इमानदारीने तीन रंगांची कार्डं केली, पूर्ण रविवार गेला. पुढे मास्टर्सला वाचलं की २००८ साली चार मानसशास्त्रज्ञांनी यामागचे पुरावे तपासले होते, आणि शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना सापडला नव्हता. माझी कार्यशाळा त्यानंतरची. कार्डं अजून कपाटात आहेत, अपूर्णांकांना वापरते.

कोर्स निवडताना

आधी ठरवा, विषयात मास्टर्स करायचं की शिक्षणशास्त्रात. माझं मत एकतर्फी आहे: वरच्या वर्गांना शिकवणार असाल आणि विषयाची भीती वाटत असेल तर विषय घ्या, विषय येतो पण मुलांना का येत नाही ते कळत नसेल तर शिक्षणशास्त्र. या दोहोंच्या मधलं एक ज्ञान असतं, त्याला ली शुलमन या अमेरिकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली वेगळं नाव दिलं, 'पेडॅगॉजिकल कंटेंट नॉलेज': ते नुसता विषय जाणणाऱ्याकडे नसतं आणि नुसत्या पद्धती जाणणाऱ्याकडेही नसतं, ते फक्त तो विषय शिकवणाऱ्याकडे असतं. ०.३५ कुठे अडतं, कोणतं उदाहरण आधी घ्यायचं, कोणतं मुळीच घ्यायचं नाही, हे ते ज्ञान. जो कोर्स तुम्हाला यावर काम करू देईल तो चांगला, त्यावर शिक्का कोणत्याही विभागाचा असो.

फिनलंडमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्राथमिक शिक्षकांनासुद्धा मास्टर्स लागतं, आणि त्यात प्रबंध असतोच. हे ऐकून 'मग पदवीनेच शिक्षक सुधारतो' असं समजू नका. तिथे ती वर्गात पाऊल ठेवण्याआधीची तयारी आहे, आपण बोलतोय ते नोकरी सांभाळून करण्याबद्दल. गणित वेगळं आहे.

माहितीपत्रक सगळ्यांचंच गुळगुळीत असतं. त्यापेक्षा विभागात फोन करून चार गोष्टी विचारा. गृहपाठ आणि प्रकल्प माझ्या स्वतःच्या वर्गावर करता येतील का? मार्गदर्शक कधी ठरतो, आणि त्याच्याकडे एका वेळी किती विद्यार्थी असतात? सत्राच्या परीक्षा शाळेच्या परीक्षांच्या आठवड्यात येतात का? मध्येच एक सत्र थांबावं लागलं तर मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) टिकतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या वेळी मला माहीत असतं तर नाव काढायची गरजच पडली नसती.

पदवी वेतनवाढीसाठी किंवा बढतीसाठी धरली जाणार का, हे तुमच्या नेमणूक करणाऱ्यांकडून लेखी घ्या. 'धरतात हो' हे लेखी नव्हे. आणि कोर्स पूर्ण केलेल्यांशी सगळेच बोलतात, तुम्ही अर्ध्यात सोडलेल्या एकाशी तरी बोला. अडचण नेमकी कुठे येते ते तोच सांगेल.

वाचायचं कसं

संशोधनपर लेख पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला आणि तिसऱ्या पानावर झोपले. आता असं वाचते: आधी सारांश, मग थेट पद्धतीचा भाग (कोणती मुलं, किती, किती दिवस), मग तक्ते, आणि प्रस्तावना सगळ्यात शेवटी. दोन प्रश्न सतत विचारत राहायचे. ही मुलं माझ्या मुलांसारखी आहेत का? आणि जे मोजलं ते खरंच शिकणं आहे, की शिकवल्यानंतर लगेच घेतलेली चाचणी?

पैसे भरायची गरज फारशी पडत नाही. 'एरिक' हा अमेरिकी शिक्षण खात्याचा संग्रह १९६० च्या दशकापासून चालू आहे आणि सगळ्यांना खुला आहे; तिथे पूर्ण मजकूर असलेलेच लेख दाखव असं सांगता येतं. एखादा लेख कुलपात असेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, मी शिक्षिका आहे, वर्गात हा प्रश्न आलाय, प्रत मिळेल का. मला बहुतेक वेळा मिळाली आहे. आठवड्याला एक लेख, तोही ऑफ तासाला. जास्त वाचायचा संकल्प मी तीनदा केला, तीनदा मोडला.

एका चुकीवरचा लघुप्रबंध

आता मुख्य गोष्ट. मार्गदर्शकांकडे मी पहिल्यांदा जो विषय नेला तो असा होता: 'विविध अध्यापन पद्धतींचा विद्यार्थ्यांच्या गणितातील प्रगतीवर होणारा परिणाम'. त्यांनी पेन उचलून 'विविध' खोडलं, मग 'अध्यापन पद्धतींचा' खोडलं, मग 'प्रगतीवर होणारा परिणाम' खोडलं आणि कागद परत दिला. राहिलं काय, तर 'विद्यार्थी' आणि 'गणित'. म्हणाले, "वही आणा तुमची." वहीत ०.३५ चं वाक्य होतं, खाली तीन रेघा मारलेलं. "हा घ्या विषय. यावर एक वर्ष जाईल."

गेलंच. आधी मी चाचणी तयार केली: दशांश अपूर्णांकांच्या जोड्या, मोठा कोणता त्याला गोल करा. ०.५ आणि ०.३५. ४.८ आणि ४.६३. ०.७ आणि ०.२८. अडतीस मुलांपैकी अकरा जण सगळीकडे चुकले. सरळ होतं: ही मुलं दशांशचिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचतात, आकडे जास्त ती संख्या मोठी. आपणही 'शून्य पूर्णांक पस्तीस' असं वाचून त्यात भर घालतो. बाकीच्या सत्तावीस जणांना येतं, असं मी धरून चालले.

मग मार्गदर्शकांनी १९८९ सालचा एक लेख वाचायला दिला. लॉरेन रेझ्निक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका, इस्रायल आणि फ्रान्समधल्या मुलांच्या नेमक्या याच चुका तपासल्या होत्या. त्यात आणखी एक जात होती, ती मला ठाऊकच नव्हती: काही मुलं उलटं समजतात, आकडे जितके कमी तितकी संख्या मोठी. त्यांचं तर्कशास्त्र पक्कं असतं: शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून ज्यात शतांश आले ती संख्या लहान. आता माझी चाचणी पुन्हा पाहा. तिन्ही जोड्यांत कमी आकड्यांची संख्याच मोठी आहे. उलटं समजणाऱ्या मुलाला माझ्या चाचणीत पूर्ण मार्क मिळणार!

दुसरी चाचणी केली, या वेळी ०.४२ आणि ०.३ अशाही जोड्या घातल्या. पहिल्या चाचणीत पूर्ण मार्क मिळवलेली एक हुशार, नीटनेटकी मुलगी. तिने ०.३ ला सुबक गोल केला होता. जवळ बोलावून विचारलं, का गं? ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगितलं ना, दशांशाचा तुकडा मोठा आणि शतांशाचा लहान." मी सांगितलंच होतं. अशी सहा मुलं निघाली, आणि त्यांना मी वर्षभर 'येतं' म्हणून पुढे सोडलं होतं.

मास्टर्सने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर मी ही सहा मुलं सांगते. वहीशिवाय प्रश्न हाती आला नसता, हे खरं. पण त्या लेखाशिवाय प्रश्नाचा अर्धा भाग दिसलाच नसता, हेही तितकंच खरं.

तुम्ही असं काही करणार असाल तर काही गोष्टी आधीच सांभाळा. परवानगी लवकर मागा. विद्यापीठाच्या नीतिसमितीला आठवडे लागतात आणि तोवर तुमचा घटक शिकवून संपलेला असतो. पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती शक्यतो तुम्ही न घेता दुसऱ्या कोणी घ्यावी, कारण मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांना मूल 'नाही' कसं म्हणणार? नावं पहिल्या दिवसापासून बदला. एका गटाला चांगलं शिकवायचं आणि दुसऱ्याला तुलनेसाठी वंचित ठेवायचं असला आराखडा करू नका; सगळ्यांना शिकवा आणि आधी-नंतरचं मोजा. मग लिहिताना 'माझ्या पद्धतीमुळे सुधारणा झाली' असं लिहिता येणार नाही, कारण तुलनेला गट नाही. 'सुधारणा दिसली' एवढंच लिहा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तेच टिकतं.

आणि चाचणी तीनदा घ्या: आधी, लगेच नंतर, आणि तीन महिन्यांनी. शिकवल्याबरोबर घेतलेल्या चाचणीत माझ्या वर्गातली दोनच मुलं चुकली, मी खुशीत होते. तीन महिन्यांनी सात. ती लगेच घेतलेली चाचणीच शेवटची ठेवली असती तर प्रबंध जास्त देखणा झाला असता.

वेळेचं काय, हे सगळे विचारतात, पण त्यात मोठं शहाणपण नाही. माझे आठवड्याला सहा तास होते: दोन संध्याकाळी दोन-दोन आणि शनिवारी सकाळी दोन. शाळेच्या परीक्षांच्या काळात शून्य, आणि हे मार्गदर्शकांना वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर दाखवून ठेवलं होतं. त्या वर्षी स्नेहसंमेलनाची जबाबदारी नाकारली, त्यावरून थोडी कुजबुज झाली. फाइलची प्रत दोन ठिकाणी ठेवा. घरच्यांना 'आणखी थोडेच दिवस' सांगू नका, तारीख सांगा.

प्रबंध झाल्यावर तो बांधून ग्रंथालयात जातो आणि तिथेच राहतो. म्हणून मी त्याचं एक पान केलं: दोन चाचण्या, चुकांच्या दोन जाती, आणि 'पस्तीस' न म्हणता 'तीन दशांश, पाच शतांश' म्हणा ही एक सूचना. ते स्टाफरूममध्ये वाटलं. बहुतेकांनी घडी करून पर्समध्ये ठेवलं. पाचवीच्या बाई दुसऱ्या दिवशी तेच पान घेऊन आल्या, समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं. "मी तर मुलांना सांगते, ०.५ पुढे शून्य लावा, ०.५० करा, मग पन्नास आणि पस्तीस बघा. उत्तर बरोबर येतं. मग ते चूक का?"

उत्तर बरोबरच येतं, ही तर पंचाईत. शून्य लावलं की मूल पुन्हा पूर्ण संख्याच वाचायला लागतं, दशांश कळायची वेळच येत नाही. निदान मला तसं वाटतं. पण तीन महिन्यांनी सटकलेल्या माझ्या सात मुलांपैकी ही युक्ती किती जणांनी वापरली होती ते मी विचारलंच नव्हतं. "बाई, तुमच्या वर्गात येऊन बसू का गुरुवारी?" मी विचारलं, आणि वहीत तारीख घातली.